व्याह्यांच्या दोन जीपा

नाना,

काल दुपारी तुमची पत्र्याची पेटी आली. धाकट्याने ती पारोळ्याच्या स्टँडवर एसटीत चढवली, पार्सलचे सोळा रुपये त्याने भरले. इथे धुळ्याच्या स्टँडवर हमालाने आठ मागितले, तो पाचावर आला. रिक्षावाला पंधरा म्हणत होता, त्याला दहा दिले. कुठून काही आलं की आधी लिहायचं आणि मगच हात लावायचा, ही तुमची शिकवण, म्हणून आत काय होतं तेही लिहिते. खादीचे दोन सदरे, एक कोपराशी विरलेला. चष्म्याचं घर, आत चष्मा नाही. आमदारकीच्या एसटी पासाचं रेक्झिनचं पाकीट, रिकामं. तुळशीची माळ. आणि सगळ्यांच्या तळाशी, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला तुमचा फिरकीचा तांब्या. फिरकी हिरवी पडून गच्च बसली आहे. ह्यांनी जोर लावून पाहिला, निघाली नाही. मी चिंच भिजत घातली आहे. कॅलेंडरच्या गेल्या वर्षीच्या पानांची मागची बाजू कोरी असते, तिच्यावर हे लिहितेय. कागदाचा खर्च नाही.

पेटीत धाकट्याची चिठ्ठी होती. पंचायतीने चावडीशेजारी वाचनालयासाठी एक खोली बांधली आहे आणि तिला तुमचं नाव द्यायचं सगळ्यांच्या मनात होतं. पाटी रंगवायलाही टाकली होती. तर ग्रामसभेत आप्पा उभे राहिले, आपल्या शेताला लागून ज्यांचं शेत आहे तेच आप्पा. आता काठी लागते त्यांना. म्हणाले, "नाना भला माणूस व्हता, ते मी नही म्हननार नही. पन जो कडतानी बाजूले उभा राह्यना, तेनं नाव मना नातूनी रोज का बरं वाचानं?" पाटी तिथेच थांबली. धाकटा लिहितो, "अक्का, नानांनी तसं का केलं हे मला कधीच कळलं नाही. मी तेव्हा शाळेत होतो. आई होती तोवर ती विषय काढू देत नव्हती. तुला माहीत असेल तर लिही, मी सभेत वाचून दाखवीन. शुक्रवारी पुन्हा सभा आहे."

मला माहीत आहे, नाना. त्या घरात आता मला एकटीलाच माहीत आहे.

तुम्ही उभे राहिलात त्या वर्षी मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. ओसरीवर सतरंजी टाकून निवडणुकीचं ऑफिस मांडलं होतं आणि वर्गणी लिहून घ्यायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलं होतं. कारण काय, तर माझं अक्षर सुवाच्य आणि मला उधळायची सवय नाही. पहिली वर्गणी आप्पांची. मारुतीच्या पारावर नारळ फुटल्या फुटल्या त्यांनी अकरा रुपये काढले आणि म्हणाले, "पोरी, नाव मोठं लिही, नाना निवडून आले की मी बघायला येईन." मग लोक येत गेले. कोणी पाच रुपये, कोणी पायलीभर बाजरी, कोणी नुसत्या शेंगा. बायका पदराच्या गाठीतला रुपया सोडायच्या आणि नवऱ्याचं नाव सांगायच्या. तुम्ही त्यांना म्हणायचात, "तुझं नाव सांग, पैसा तुझा आहे." तुमचं सगळं भाषण एकाच गोष्टीवर असायचं. शेतकरी शेंगा घेऊन बाजार समितीत जातो, तिथे शंभर किलोमागे दोन किलो कापून घेतात. माती म्हणून, ओल म्हणून. शेंगा निवडून नेल्या काय आणि उन्हात कडकडीत वाळवून नेल्या काय, कापायचं ते कापायचंच. हा कडता. तुम्ही हातात मूठभर शेंगा घेऊन सभेत विचारायचात, "ह्यात माती कुठेय ते दाखवा, मी खाऊन टाकतो." लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. मला तेव्हा वाटायचं, असं बोलणारा आपला बाप आहे, आता आपल्याला काय कमी.

माझं लग्न त्या आधीच ठरलं होतं. माघात साखरपुडा झाला, धुळ्याचं घर, शेती चांगली आणि वर तेलाची गिरणी. माझे होणारे सासरे स्वतः शेंगा विकत घ्यायचे, म्हणजे कडता कापणाऱ्यांतलेच एक. हे तुम्हाला माहीत होतं. आईने तेव्हा विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "माणसं चांगली आहेत. गिरणी गिरणीच्या जागी, लेक लेकीच्या जागी." तुम्ही तीन दिवस नदीपलीकडच्या गावांत फिरत होतात तेव्हा धुळ्याहून दोन जीपा आल्या. ड्रायव्हर, डिझेल, आणि एका रुमालात नोटा. आपल्या माणसांना काय आनंद झाला! तोवर प्रचार बैलगाडीत आणि सायकलींवर चालला होता. जीपांना झेंडे बांधून त्या तासाभरात खेड्यांकडे पळाल्याही. मी लिहून घेतलं, दोन जीपा, धुळे. तुम्ही रात्री आलात, हातपाय धुतलेत, ताटावर बसलात आणि पहिल्या घासाआधी मला वाचायला सांगितलंत. मी वाचत वाचत धुळ्याशी आले आणि तुम्ही ताटावरून उठलात. तुमचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. "ज्या घरचं पाणी मला चालणार नाही, त्या घरचं डिझेल मी पिऊ?"

हे धाकट्याला कसं समजावू? त्याच्या बायकोचे वडील येतात ते चार दिवस राहून, आंब्याचा रस ओरपून जातात, आणि त्यात वाईट काही नाही. पण तुमच्या पिढीला लेकीच्या घरचं पाणी चालत नव्हतं. लेकीच्या दारी द्यायला जायचं, घ्यायला नाही. एक पेला पाणी घेतलं तरी त्या घराचं ऋण आपल्यावर चढतं आणि ते लेकीला फेडावं लागतं, असं तुम्ही मानत होतात. आपल्या माणसांनी तुमची समजूत काढली, की नाना, गाड्या आता गेल्या, मतदान आठवड्यावर आलं, निवडून या आणि मग पै पै फेडा. तुम्ही मान हलवलीत. त्या रात्री जेवला नाहीत. पुढे निवडून आलात, गुलाल उधळला, आप्पा खरंच नाव बघायला आले आणि बोट ठेवून बघून गेले. पण तुमच्या तोंडावर हवं तसं हसू नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

माझं लग्न वैशाखात झालं. पहिल्या खेपेला तुम्ही धुळ्याला आलात ते खांद्याला पिशवी आणि हातात हा तांब्या घेऊन. पिशवीत तुमची भाकरी आणि चटणी, तांब्यात आपल्या विहिरीचं पाणी. सासूबाईंनी ताट वाढलं होतं, तुम्ही हात जोडलेत. त्या ओट्यावरून म्हणाल्या, "व्याही, आमच्या नळाला कावीळ झालीय का?" तुम्ही हसून म्हणालात, "नळ चांगला आहे हो विहीणबाई, लेक इथली झाली आहे ना, म्हणून." मग तुम्ही ओसरीच्या कडेला बसून फिरकी उघडलीत आणि वरून घोट घेतलात. झाकण त्या तांब्याला बारीक साखळीने बांधलेलं, ते हलून किणकिणायचं. स्वयंपाकघरात मला तेवढ्या आवाजाने माहेर आल्यासारखं वाटायचं. त्याच खेपेला तुम्ही पिशवीच्या तळातून रुमाल काढलात, आपला नदीकाठचा तुकडा गहाण टाकून आणलेले पैसे. मामंजींनी रुमाल उघडलासुद्धा नाही. तुमच्या पिशवीत परत कोंबला आणि म्हणाले, "व्याही, आपल्यात घेणं-देणं कसलं? वेळ आली की बघू." ते मनमोकळं हसले. ते हसतात चांगले, आजही. तुम्ही मात्र कपाळाचा घाम पुसत होतात आणि पंखा तर चालू होता.

तुमची आमदारकीची कामं मी इथे बसून ऐकायची. आपल्या गावाहून सकाळची एसटी तुम्ही सुरू करवलीत. मुलींना शाळेच्या पासासाठी तुम्ही प्रश्न विचारलात, टंचाईच्या साली सारा माफ व्हावा म्हणून रात्री उशिरापर्यंत सभागृहात बसून राहिलात. मत द्यायची वेळ आली की तुम्ही कुठे उभे राहाल हे मला आधीच सांगता आलं असतं आणि तुम्ही तिथेच उभे असायचात. ह्यांचे मित्र थट्टा करायचे, "वहिनी, तुमचे वडील एकदा तरी चहा पितात का हो कोणाचा?" मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

मग तो ठराव आला. विरोधी बाजूच्या एका सदस्याने मांडला होता, राज्यभर कडता बंद करावा म्हणून. नागपूरच्या अधिवेशनात त्यावर मतं पडणार होती. मला तेव्हा दिवस गेले होते, पहिलंच. सहावा सरत आला होता, सातव्यात माहेरी न्यायचं ठरलेलं. दिवाळी उलटल्यावर तुम्ही न्यायला आलात. मामंजी झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. मी दाराच्या आत उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"न्या की, तुमचीच लेक आहे," मामंजी म्हणाले. "पण नागपूरला तो ठराव येतोय म्हणे. तो होऊन जाऊ द्या. मग माझीच गाडी तिला आणून सोडेल."

"ठरावाचा आणि बाळंतपणाचा काय संबंध?"

"संबंध कुठे म्हणतोय मी? जीपांचा आणि निवडणुकीचा तरी कुठे होता? आपलं माणूस म्हणून होतं ते."

"ते पैसे मी आजही आणले आहेत."

"पैसे ठेवा हो. पैसे काय, गिरणीत रोज येतात." अडकित्ता थांबला. "व्याही, तिथे बाकीचे ओरडतात ते ओरडू देत, तो त्यांचा धंदा आहे. हा आपला आहे. तुमच्या नातवाचा आहे."

आणि मग आतून सासूबाई, हळू नाही, चांगलं मोठ्याने, "जायचं तर आज जाऊ दे तिला. पण मग तिथेच राहायची तयारी ठेवून जा म्हणावं. बापाने गिरणीला कुलूप लावायचं आणि लेकीने इथे राज्य करायचं, हे चालायचं नाही." हे घरातच होते. खाली बघत होते. नंतर मला म्हणाले, "मी काय बोलणार, घरचा धंदा आहे." त्यांच्यावर माझा राग नाही. तेव्हा होता.

तुम्ही निघताना मी पाया पडले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि विचारलंत, "बाई, तुझं काय म्हणणं आहे?" असं तुम्ही मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलंत, आणि मी काय बोलावं? मी म्हणाले, "मला आईकडे यायचंय, नाना." एवढंच. तुम्ही प्रचारात फिरलात ती अठ्ठावीस गावं, आप्पांचे अकरा रुपये, पदराच्या गाठी, मला काही म्हणजे काही आठवलं नाही. पाय सुजलेले होते आणि मला आई हवी होती. तुम्ही तांब्या उचललात आणि स्टँडकडे चालत गेलात.

मत पडायचं त्या दिवशी एकादशी होती. मी देवापाशी बसले तर काय मागावं ते कळेना. ठराव पास होऊ दे म्हणावं तर मी ह्या घरातून गेले. नापास होऊ दे म्हणावं तर तुम्ही त्या गावातून गेलात. शेवटी मी म्हणाले, देवा, त्यांना ताप येऊ दे, दोन दिवस अंथरुणात राहू देत. बापाला ताप मागणारी लेक. देवाने तेवढंही ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ह्यांनी पेपर वाचला. कोण कुठल्या बाजूला उभं राहिलं त्यांची नावं छापली होती. ठराव थोडक्यात पडला होता. तुमच्या एका मताने काही फिरलं नसतं, तसा तो पडलाच असता, हे मी नंतर पुष्कळ वेळा मनाला सांगितलं. पण 'नाही' म्हणणाऱ्यांत तुमचं नाव होतं. ह्यांनी ते वाचलं आणि आवाज खाली आणला. मामंजींनी मात्र कप ठेवून मला हाक मारली. "सूनबाई, इकडे ये. बघ, तुझे वडील शब्दाचे पक्के निघाले." मी विचार करत राहिले, कोणत्या शब्दाचे? तुम्ही त्यांना शब्द कधी दिला होता? शब्द तर तुम्ही पारावर दिला होतात. सासूबाईंनी त्या दिवशी गूळ-तुपाचा शिरा केला आणि माझ्या वाटीत वरून तूप ओतलं. मी खाल्ला, नाना. पोटात बाळ होतं, आणि ताटात टाकायची आपल्याकडे रीत नाही.

आठ दिवसांनी तुम्ही मला न्यायला आलात. स्टँडपासून चालत. मामंजी म्हणाले गाडी काढतो, तुम्ही म्हणालात नको, एसटी बरी. सदरा तोच, टोपी तीच, पण चालणं दुसऱ्या कोणाचं तरी होतं. ओसरीच्या कडेला नेहमीच्या जागी बसलात, तांब्या शेजारी ठेवलात. मी माझं गाठोडं घेऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "बाई, पाणी दे."

मला कळेना. मी तांब्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "त्यातलं संपलं."

मी आत गेले. माठातून पेला भरला, दोन्ही हातांनी धरून बाहेर आणला. सासूबाई बघत होत्या. तुम्ही पेला घेतलात आणि थांबून थांबून सगळं पाणी प्यालात. पेला पालथा केलात, माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आता काय राहिलंय." तुमच्या मिशीवर पाण्याचे थेंब होते. ते तुम्ही पुसले नाहीत.

एसटीत गर्दी होती. पारोळ्याकडचे बरेच ओळखीचे होते आणि आधी कोणी तुम्हाला जागा दिली नाही. असं कधी झालं नव्हतं. मला एका बाईने बसवून घेतलं. मग मागच्या बाकावरून आप्पांचा आवाज आला, तेही धुळ्याहून परतत होते. "या नाना, बसा. आम्ही जरा सरकतस. तेवढा कडतानी आमले सवय शे." सगळी बस हसली. कंडक्टर हसला, माझ्या शेजारची बाईही हसली, आणि मग माझ्या पोटाकडे बघून तिने तोंडाला पदर लावला. तुम्ही जाऊन आप्पांच्या शेजारी बसलात. अर्ध्या बाकावर, पाय बाहेर काढून. उतरताना आप्पांनी माझं गाठोडं खाली घेतलं आणि मलाच दिलं, तुम्हाला नाही.

घरी आईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. पहिलटकरीण माहेरी आली की गावातल्या बायका भेटायला येतात, ओटीत काहीबाही घालतात. त्या वेळी तीन-चारच आल्या. त्यांत आप्पांची बायको होती. शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली, आणि आईला म्हणाली, "पोरीना काय दोष?" आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी तिला सगळं माहीत होतं असं मला वाटतं. तिने तुम्हाला एकदाही विचारलं नाही. फक्त तुमच्या ताटात ती शेंगदाण्याची चटणी वाढायची बंद झाली, आणि तुम्ही कधी मागितली नाहीत.

पुढच्या निवडणुकीला लोक घरी आले होते, तिकीट देतो म्हणत होते. तुम्ही दारातूनच हात जोडलेत. मग शेंगांच्या दिवसांत तुम्ही स्वतः गाडी घेऊन बाजार समितीत जाऊ लागलात. हे मला धाकट्याने सांगितलं, तो गाडीवर बसून जायचा. तोलाईवाला ओळखीचा, म्हणायचा, "नाना, तुमचा कडता नाही कापत, राहू द्या." आणि तुम्ही म्हणायचात, "काप. आधी माझा काप, मग दुसऱ्याचा." दर वर्षी. लोकांना आधी वाटलं नाटक आहे. मग कोणी काही बोलेनासं झालं. तीन हंगाम तुम्ही असा कापून घेतलात. चौथ्या वर्षी शेंगा खळ्यावर होत्या आणि तुम्ही गेलात. मी धुळ्याहून पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. आप्पा तुमच्या पायांशी बसले होते, रडत नव्हते, नुसते बसले होते. मी तुमच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं, पाणी घातलं. ते पाणी आपल्या विहिरीचं होतं, हे मी विचारून घेतलं.

मामंजी आता अंथरुणाला आहेत. उजवी बाजू गेली आहे. गिरणी दिरांकडे आहे. सासूबाई गेल्या, जाताना माझ्याच मांडीवर डोकं होतं. मामंजींचं सगळं मीच करते, चमच्याने पाणी पाजते. मनापासून करते, नाना, देव साक्षी आहे. ते मला कधी वाकडं बोलले नाहीत, आणि माझी मुलगी त्यांच्याच खांद्यावर वाढली. पण त्यांना हल्ली मागचं-पुढचं कळत नाही. काल पेटी उघडताना त्यांनी तांब्या पाहिला आणि एकदम ओळखला. बोबड्या आवाजात म्हणाले, "व्याही आले का? पुष्कळ दिवसांनी आले. त्यांना सांग, ह्या खेपेला पाणी प्यायल्याशिवाय सोडणार नाही." आणि हसले, तसेच, चांगले.

तेव्हा मी धाकट्याला काय लिहू? खरं लिहिलं, की नानांनी पैशासाठी केलं नाही, लेकीसाठी केलं, तर सभेत बायका डोळे पुसतील आणि पाटी लागेल. पण जो माणूस हात हलवू शकत नाही, ज्याला मी रोज भरवते, त्याचं नाव चावडीत निघेल. माझी मुलगी उद्या लग्नाची होईल, तिला हे असं कळेल. आणि खरं सांगायचं तर त्याने आप्पांचं उत्तर होत नाही. आप्पांनी अकरा रुपये दिले होते ते माझ्या बाळंतपणासाठी नव्हे. त्यांनाही लेकी होत्या, आणि त्या लेकींच्या लग्नात तो दोन दोन किलोंनी कापलेला पैसा कमी पडला असेल. नाही लिहिलं, तर गाव तुम्हाला जीपांना विकलेला आमदार म्हणत राहील, आणि मी सगळं माहीत असून गप्प बसलेली लेक. तुम्ही होतात तोवर तुम्ही कोणाला कारण सांगितलं नाहीत. कडता कापून घेतलात, पण कारण नाही सांगितलंत. त्यावरून तुम्हाला काय हवं ते मी ओळखायला हवं होतं का? मला ओळखता येत नाही, नाना.

मी आंतरदेशीय पत्र आणलंय. त्यावर धाकट्याला सगळं लिहून ठेवलंय, जीपांपासून बसपर्यंत, आणि शेवटी लिहिलंय की हे सभेत वाचू नकोस, फक्त आप्पांच्या घरी जाऊन त्यांना एकट्यांना वाचून दाखव, मग ते म्हणतील तसं करा. चिकटवलेलं नाही अजून. देवाच्या फळीवर ठेवलंय.

त्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही, ती तुम्हालाच सांगते. त्या दिवशी एसटीकडे निघताना तुमचा तांब्या मी उचलून तुमच्या हातात दिला होता. तो जड होता, नाना. भरलेला होता. तुम्हाला तहान नव्हती हे मला तेव्हाच कळलं, आणि मी काही न बोलता तो तुमच्या हातात दिला.

चिंचेने फिरकी आज थोडी सैल झाली आहे. उद्या निघेल बहुतेक. आत काही असेल असं नाही, पण निघेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नाही. बुधवारी साडेतीनला नाक्यावरची टपालपेटी उघडतात. तोवर थांबते. पत्र टाकू की चुलीत घालू, उलट टपाली कळवा.